अनुभव धागा: तुम्ही बनवलेला मॅप सबमिट केल्यावर पुढे काय झालं?

उसळ (धागाकर्ती)

रिदम गेम खेळणारी मराठी मंडळी वाटतात त्यापेक्षा बरीच आहेत हे मागच्या गप्पांत कळलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. स्वतः मॅप किंवा लेव्हल बनवून सबमिट केलीये का, पुढे काय झालं, आणि ती पद्धत तुमच्या हातात असती तर काय बदललं असतं एवढंच लिहा. नुसतं "सिस्टीम बेकार आहे" नको, ते सगळ्यांना माहितीये.

नवीन लोकांसाठी ओसूचं थोडक्यात सांगते. २००७ पासूनचा गेम, गाण्याच्या ठेक्यावर गोल क्लिक करायचे, आणि मॅप (कुठला गोल कधी येणार त्याची मांडणी) खेळाडूंनीच बनवलेले. अपलोड कोणीही करू शकतं. पण पीपी (परफॉर्मन्स पॉइंट्स) मिळायचे तर मॅप रँक व्हायला लागतो. त्यासाठी आधी पाच हाईप (खेळाडूंची शिफारस), मग दोन नॉमिनेटरांची (मॅप तपासून पुढे पाठवणाऱ्यांची) पसंती, मग क्वालिफाइडमध्ये किमान सात दिवस, आणि तिथे कोणी चूक दाखवली की डिसक्वालिफाय होऊन परत मागे. पेंडिंगमध्ये २८ दिवस काहीच हालचाल नसेल तर मॅप ग्रेव्हयार्डात जातो. नॉमिनेटर सगळे हौशी, पगार बिगार काही नाही, हे लिहिताना लक्षात असू द्या.

मात्रामोजणी

माझा मॅप एका जुन्या लावणीचा. जुनी रेकॉर्डिंग लाईव्ह वाजवलेली, क्लिक ट्रॅक वगैरे भानगड नाही, त्यामुळे एका बीपीएमवर (मिनिटाला किती ठोके) काही केल्या बसत नाही, मुखडा आला की ढोलकीवाला पुढे पळतो, अंतऱ्यात जरा मागे येतो आणि शेवटी तर नुसता सुटतोच. मग दर दोन-चार आवर्तनांनी नवीन रेड लाईन टाकायची, म्हणजे इथून पुढे बीपीएम हा आणि ऑफसेट (पहिला ठोका नेमका कुठे) हा असं एडिटरला सांगायचं. नव्या इलेक्ट्रॉनिक गाण्याला एक रेड लाईन टाकून लोक मोकळे होतात, इथे टायमिंग हेच अर्धं काम.

मॉडिंग (दुसऱ्यांनी मॅप बघून सुधारणा सुचवणं) मागितलं तर प्रतिसाद चांगले आले, पण सगळे पॅटर्नवर. हा जंप फार लांब, इथे स्लायडर (ओढत न्यायची नोट) छान दिसेल, हिटसाउंड (क्लिकचा आवाज) इथे ऐकू येत नाही, असं. सगळं एकेक करून बदललं. आणि मग एका जाणत्या माणसाने ऐकून सांगितलं की मधला अख्खा तुकडा जरासा लवकर पडतोय. बरोबरच होतं त्याचं. पण आता टायमिंग हलवलं की त्याच्यावर बसलेलं प्रत्येक सर्कल, प्रत्येक स्लायडर, सगळे हिटसाउंड परत ठेक्यावर बसवायचे, आणि हे एका डिफिकल्टीत नाही, नॉर्मल हार्ड इन्सेन सगळ्यांत, कारण गाणं साडेतीन मिनिटांच्या आतलं असलं की खालच्या डिफिकल्टीज लागतातच. पाच मिनिटांच्या वरचं गाणं घेतलेले लोक एकच डिफिकल्टी करून सुटतात, त्यामुळे मधेच लोकांना लांब गाणी का आवडायला लागतात ते कळलं असेल.

तर माझी सूचना, सबमिशन टप्प्यांत करा. आधी फक्त गाणं, टायमिंग आणि मेटाडेटा अपलोड होऊ दे, ते कोणीतरी तपासून लॉक करू दे, मगच नोट्स टाकायच्या. टायमिंग तपासायला ओळखीपाळखी लागत नाही, चवीचा प्रश्न नाही, कान असला की झालं. आत्ता सगळं एकदम पुढे ठेवतात म्हणून जे डोळ्याला दिसतं त्यावरच लोक बोलतात.

अजून एक, भाषा निवडायच्या यादीत जपानी, कोरियन, स्वीडिश, पोलिश सगळे आहेत. आपण "इतर" मध्ये. असो.

जुनाट_मॉडर

@मात्रामोजणी, टायमिंग आधी तपासून घ्यायची पद्धत होती की, फक्त लेखी नव्हती. जुने लोक मॅप उघडला की पहिल्यांदा मेट्रोनोम लावून ऐकायचे.

मी बॅटच्या काळापासूनचा, म्हणजे बीटमॅप अॅप्रिसिएशन टीम होती तेव्हाचा. एकाने बबल (पहिली पसंती) द्यायचा, दुसऱ्याने रँक करायचा, संपलं. मग चूक नंतर सापडली की रँक झालेला मॅप अनरँक करा, लोकांचे स्कोअर गेले, शिव्या. म्हणून २०१४ मध्ये क्वालिफाइडची पायरी आली आणि सोबत क्यूएटी (क्वालिटी अॅशुरन्स टीम) आली, मग २०१९ मध्ये क्यूएटी जाऊन एनएटी (नॉमिनेशन असेसमेंट टीम). नावं बदलत गेली, पण रांग लावणारे हजार आणि बघणारे मूठभर हे गणित काही बदललं नाही.

मला विचाराल तर कुदोसू होता तेव्हा बरं होतं. दुसऱ्याच्या मॅपवर कामाचा मॉड केला की कुदोसू मिळायचा आणि तो स्वतःच्या मॅपवर खर्च करून मॅप वर आणता यायचा. म्हणजे वर यायचं तर आधी दुसऱ्याचं काम करा. हाईप म्हणजे फुकटची टाळी, पाच मित्र असले की काम झालं. ज्याला पाच मित्र नाहीत त्याचाच मॅप अडकतो आणि नेमका तोच नवीन असतो.

ठेचा९१

कुदोसूच्या काळात "तू माझा कर मी तुझा करतो" किती चालायचं ते पण सांगा की काका 😄

जुनाट_मॉडर

चालायचं. पण निदान करायला तर लागायचा!

झोपाळू_ताईको

मी ओसूच्या ताईको (ढोल वाजवायच्या) मोडचा नॉमिनेटर होतो, आता नाही. दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

ऑफिस करून रात्री मॅप बघायचो. रिक्वेस्ट उघडल्या की इतक्या पडायच्या की परत बंद कराव्या लागायच्या, आणि बाहेर चर्चा काय तर "ह्यांची रांग कायम बंद". आता ऐका, मी ओळखीच्या मॅपरचा मॅप आधी घ्यायचो. लपवायचं काय त्यात. त्याला "इथे डॉन-काट्सूचा भरणा जास्त झालाय" (ढोलाचे दोन प्रकारचे ठोके) एवढं लिहिलं की समजायचं, तासाभरात अपडेट. नवीन मुलाला तेच समजवायला आठवडा, त्यात तो रागावणार, मग भांडण. आणि मी नॉमिनेट केलेला मॅप डिसक्वालिफाय झाला तर ते माझ्याही खात्यावर, एनएटी नॉमिनेटरांचं काम तपासतेच. म्हणजे धोका पत्करून नवीन माणूस घेतला तर शाबासकी नाही, चुकलं तर मात्र नोंद. मग कोण घेणार?

बदलायचं तर तिथे बदला. कोणाचा आयुष्यातला पहिलाच मॅप नॉमिनेट केला आणि त्यात चूक निघाली तर नॉमिनेटरच्या नावावर धरू नका. एवढं एक केलं तरी रांग हलेल. हाईप पाच ठेवा की पन्नास, शेवटी कोणीतरी बसून ऐकायचंच आहे.

साताऱ्याचा_क्यूब

पीसी नाही, सगळं फोनवर, म्हणून मी जॉमेट्री डॅशवाला (गाण्यावर उड्या मारत लेव्हल पार करायचा गेम). आमच्याकडे एक नियम मला फार पटतो, अपलोड करायच्या आधी लेव्हल स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करून दाखवायची, त्याशिवाय अपलोडच होत नाही. ओसूमध्ये मॅपरला स्वतःचा मॅप पास करता येत नसला तरी चालतं हे ऐकून मी उडालोच.

बाकी आमचं तुमच्यापेक्षा वाईट. अपलोड झाली की पुढे स्टार रेट (गेमची अधिकृत पसंती) व्हायला मॉडरेटरने लेव्हल "सेंड" करायला लागते आणि शेवटचा शब्द रॉबटॉपचा, म्हणजे गेम बनवणाऱ्याचा, एकटा माणूस! गेमचं २.१ व्हर्जन आलं जानेवारी २०१७ ला आणि २.२ आलं डिसेंबर २०२३ ला, मधली सगळी वर्षं लोक लेव्हल टाकतच होते. त्यामुळे लेव्हल मॉडरेटरच्या नजरेत आणायची कशी, तर स्ट्रीमवर रिक्वेस्ट. रात्री जागून चॅटमध्ये आयडी टाकायचा, नंबर लागला तर लागला. एका स्ट्रीमवर तर डोनेशन दिलं की आयडी वर सरकायचा, नाव घेत नाही. माझी लेव्हल तिथे लागली तेव्हा स्ट्रीमवाला भाऊ जेवायला उठला होता आणि चॅटवालेच खेळत होते राव.

मला वाटतं रिक्वेस्ट गेमच्या आतच पाहिजे. एका खात्याला महिन्याला एक, जुनी आधी. स्ट्रीम बघा नाहीतर नका बघू.

थंडीतला_सेबर

मी जर्मनीत, बीट सेबर (व्हीआर लावून ठेक्यावर चौकोन कापायचा गेम) खेळतो, हिवाळ्यात व्यायाम तेवढाच. आमच्याकडे उलटी गंमत, बीटसेव्हर साइटवर मॅप टाकायला दार सताड उघडं, टाकला की लगेच सगळ्यांना दिसतो. रँकिंगचं काम स्कोअरसेबरसारख्या साइटवाले बाहेर वेगळं करतात. ऐकायला छान वाटतं पण मशीनने बनवलेल्या मॅपचा असा पूर आला की शेवटी त्यांच्यावर वेगळा शिक्का मारायला लागला. आता चांगले मॅप क्युरेटर निवडतात. म्हणजे दार काढलं तरी आत गेल्यावर परत कोणीतरी निवडायला बसलेलाच! तरी मला हे बरं वाटतं, निदान मॅप खेळता येतो, कोणाच्या परवानगीवाचून चार लोक खेळून कॉमेंट टाकतात.

उसळ

मला ते नाव झाकायचं डोक्यात आलं. नॉमिनेटरला मॅप दिसावा, मॅपर कोण ते नॉमिनेट केल्यावरच कळावं. परीक्षेच्या पेपरला असतं तसं.

झोपाळू_ताईको

@उसळ ताई, नाही चालणार. मुरलेल्या मॅपरची स्टाईल पहिल्या कडव्यात ओळखू येते. आणि नाव झाकलं तर मॉडिंगचं बोलणं कोणाशी करायचं? तिथे सगळं टाइमस्टँपवर समोरासमोर चालतं, मी लिहिणार, तो उत्तर देणार, मी परत ऐकणार. एकदा बघून मार्क दिले असं कामच नाही ते. त्यापेक्षा मात्रामोजणी म्हणतात ते टप्प्याचं मला जास्त पटलं. टायमिंग लॉक करायला नॉमिनेटरच कशाला पाहिजे, तबला शिकलेला कोणीही बसवा, ओसू खेळत नसला तरी चालेल.

जुनाट_मॉडर

लॉक करून बसाल आणि नंतर कोणी गाण्याची जास्त चांगली रेकॉर्डिंग आणून दिली की? तेव्हा लॉक कोण उघडणार? परत एक टीम, परत एक संक्षेप.

मात्रामोजणी

उघडू की. फाईल बदलली तर टायमिंग आपोआप परत तपासणीला, त्यात काय अवघड.

झोपाळू_ताईको

@मात्रामोजणी, ती लावणी अजून ग्रेव्हयार्डात आहे का? असेल तर ओएसझेड (मॅपची फाईल) पाठवा, रेड लाईन्स मी ऐकून देतो. शनिवारनंतर मात्र. आणि ऑडिओ १९२ केबीपीएसला आणलेलाच पाठवा, मूळ फाईल नको, एमपी३ परत एनकोड झाली की सुरुवातीला किंचित शांतता वाढते आणि अख्खा ऑफसेट सरकतो, मग मी तपासलेलं सगळं फुकट.

मात्रामोजणी

आहे तिथेच. पाठवते. हार्मोनियमच्या तुकड्यानंतर ठेका दुपटीत जातो, तिथे मला स्वतःलाच खात्री नाही, तिथून सुरुवात करा.