साठ्याचा हिशेब एक्सेलमध्येच ठेवावा की सॉफ्टवेअर घ्यावे?

रविवारपेठकर
बेळगावच्या रविवार पेठेत आमचे पाइप आणि फिटिंगचे दुकान असून मालाचा साठा गेली आठ वर्षे एक्सेलच्या एकाच फाइलमध्ये लिहिला जातो. ३१ मार्चच्या मोजदादीत यंदाही फाइल एक सांगते आणि फळीवर दुसरेच निघते, असे झाले. तेव्हा साठ्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे, असे मी घरात सुचवले. थोरल्या काकांचा विरोध आहे.

माझी पहिली तक्रार मापांची आहे. पाऊण इंची एल्बोसाठी मापाच्या रकान्यात ३/४ लिहिले की एक्सेल त्याची ३ एप्रिल ही तारीख करून टाकते आणि अर्धा इंची सॉकेट १ फेब्रुवारीला जाऊन बसतो. २०२५ मध्ये भरलेला असा रकाना मी नंतर 'टेक्स्ट' करून पाहिला, तर एल्बोच्या जागी ४५७५० हा आकडा, म्हणजे एक्सेल त्या तारखेसाठी आत ठेवते तो दिवसांचा अनुक्रमांक, उमटला.

दुसरी तक्रार आपल्या सीमाभागातलीच आहे. काउंटरवर मी 'कॉक' लिहितो, वडील 'तोटी' लिहितात आणि गोदामातला कन्नड बोलणारा मुलगा 'नल्ली' अशी नोंद करतो. त्यामुळे एकाच पितळी नळाच्या तीन ओळी झाल्या, त्यांतली एक उणे अकरा दाखवत होती, आणि माल संपला असे समजून मी तोच माल पुन्हा मागवला. सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूला एक कोड देऊन त्याखाली तिन्ही नावे ठेवता येतात.

उद्यमबाग स्टोअर
आपल्या दोन्ही तक्रारींत एक्सेलचा दोष फारसा नाही. रकाना आधीच 'टेक्स्ट' केला आणि वस्तूचे नाव यादीतूनच निवडायची सक्ती केली, तर दोन्ही प्रश्न एका दुपारीत मिटतात. मी एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, स्टोअर सांभाळतो. आमच्या मालकांनी सॉफ्टवेअर घेतले, आणि पहिल्याच महिन्यात बेंटोनाइटचा (साच्याची वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीचा) हिशेब चुकला. सॉफ्टवेअर प्रत्येक कास्टिंगमागे (ओतलेल्या नगामागे) ठरलेले वजन वजा करत होते, पण रात्रपाळीला वाळूत बेंटोनाइट घमेल्याने पडते आणि घमेले कोणी तोलत नाही. सकाळी आठवून केलेली नोंद वहीत असो की सॉफ्टवेअरमध्ये, ती आठवणीइतकीच खरी असते. शिवाय दर वर्षी भाडे भरा, आणि ते थांबवले तर आपलाच हिशेब आपल्याला मिळेल की नाही याची धास्ती बाळगा!

खानापूरचा करसल्लागार
चर्चेत कायद्याची बाजू राहिली आहे. केंद्रीय जीएसटी नियमावलीतील ५६ व्या नियमानुसार, कंपोझिशनवाले (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारे छोटे व्यापारी) वगळता प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याने सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक आणि अखेरची शिल्लक यांच्याबरोबर हरवलेल्या, चोरीला गेलेल्या आणि नष्ट झालेल्या मालाचीही नोंद ठेवायची असते. सॉफ्टवेअरच हवे, असे नियम म्हणत नाही. मात्र हिशेब संगणकावर असेल, तर बदललेल्या किंवा खोडलेल्या प्रत्येक नोंदीचा माग राहिला पाहिजे, असे तो स्पष्ट म्हणतो. पेनड्राइव्हवरून इकडेतिकडे फिरणाऱ्या फाइलमध्ये हा माग कोठून आणणार?

उद्यमबाग स्टोअर
ही बाब मला मान्य आहे. ऑनलाइन शीटमध्ये जुन्या आवृत्त्या राहतात खऱ्या, पण त्या कर खात्याच्या साहेबांना काढून दाखवत बसणे सोपे नाही. तरीही मूळ प्रश्न उरतोच: रविवारपेठकर, आपल्याकडे प्लंबर चिठ्ठीवर माल नेतात, त्याचे बिल त्याच वेळी होते का?

रविवारपेठकर
होत नाही, आणि इथे आपण मला बरोबर पकडले आहे. प्लंबर सकाळी आठला चिठ्ठी टाकून माल नेतो आणि बिल शनिवारी होते. पण माझा सारा आग्रह त्यासाठीच आहे. आज आम्ही बिल एका ठिकाणी करतो आणि साठा रात्री दुसरीकडे उतरवून घेतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा केंद्राचा आणि राज्याचा कर) आणि महाराष्ट्रातल्या चंदगडच्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर), असा घोळ सांभाळता सांभाळता रात्रीची उतरवण राहूनच जाते. चिठ्ठीचेच डिलिव्हरी चलन (बिलाआधी माल दिल्याची पावती) करून ते सॉफ्टवेअरमध्ये टाकले, तर साठा सकाळी आठलाच कमी होईल आणि शनिवारी त्याच चलनांचे बिल होईल. चिठ्ठी टाकायला सकाळी माणूस बसवावा लागेल, हे खरे. काकांचा खरा विरोध त्या माणसाच्या पगाराला आहे, असा माझा संशय आहे.

निपाणीचे हार्डवेअर
आम्ही दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर घेतले असून एकूण समाधानी आहोत, तरी एक अडचण सांगतो. सहा मीटरचा पाइप आम्ही फुटांवर कापून देतो. सॉफ्टवेअर ३८ फूट शिल्लक दाखवते आणि गिऱ्हाईक पंधरा फुटांची सलग नळी मागते, तेव्हा गोदामात साडेनऊ-साडेनऊ फुटांचे चार तुकडे निघतात.

रविवारपेठकर
हे मला सुचले नव्हते. दहा फुटांखालचा तुकडा 'तुकडा' म्हणून वेगळ्या कोडवर टाकला आणि दर थोडा कमी लावला तर?

निपाणीचे हार्डवेअर
कोड केला होता. पण कापणारा मुलगा करवत ठेवून संगणकापर्यंत येत नाही. शेवटी तुकड्यांची लांबी आम्ही गोदामाच्या भिंतीवर खडूने लिहितो आणि संध्याकाळी मी स्वतः ती सॉफ्टवेअरमध्ये चढवतो.

उद्यमबाग स्टोअर
आमच्या घमेल्यालाही अशी एक भिंत द्यावी म्हणतो. उद्यापासून रात्रपाळीला दर घमेल्यामागे खडूची एक रेघ ओढायला सांगतो आणि महिनाअखेर आकडा इथे कळवतो.