काट्यावरची चरबी खरी किती?

ताळगावचा आळशी
आमच्या वॉकर्सच्या ग्रुपवर काल एकाने ज्ञान पाजळलं: 'फॅट दाखवणारा काटा घ्या, रोज उभे राहा, आकडा खोटं बोलत नाही.' खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून इथे लिहितोय. हा काटा माझ्याकडे दोन वर्षं आहे. परवा उठल्या उठल्या २७.८ टक्के. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर फेरी मारून घामाघूम आलो, पाय धुतले, न पुसताच उभा राहिलो: २४.९. वजन माझं ७६ किलो. म्हणजे तासाभरात दोन किलोंवर चरबी मांडवी नदीत वाहून गेली! अहो, काटा चरबी मोजतच नाही. एका तळव्यातून बारीक वीज सोडतो, वाटेत अडथळा किती ते बघतो, बाकी वय-उंचीवरून अंदाज. शिवाय वीज जाते या पायातून त्या पायात. ज्या पोटापायी काटा घेतला, ते वाटेत जवळपास लागतच नाही.

डिचोलीचा पैलवान
ओल्या पायांनी उभं राहायचं आणि शिव्या काट्याला. सकाळी, उपाशीपोटी, संडासला जाऊन आल्यावर, कोरड्या पायांनी मोजा. चुकेना का, रोज सारखाच चुकतो! मी चार महिन्यांत ३१ वरून २६ वर आलो, पँटचंही तेच म्हणणं. एवढाच संशय असेल तर कॅलिपर घ्या, कातडीच्या घडीची जाडी मोजायचा चिमटा. छाती, पोट, मांडी, तीन चिमटे, त्यावरून चरबीचा टक्का काढणारं जॅक्सन-पोलॉकचं १९७८चं सूत्र, झालं काम.

फोंड्याची ताई
ते सूत्र पुरुषांचं, पैलवान. बायकांचं १९८०चं, वेगळं. आणि चिमटा काढणारा हात कुणाचा? आमच्या जिममध्ये जुन्या ट्रेनरने २९ काढले, पुढच्याच आठवड्यात नव्या ट्रेनरने ३४. मी तीच, पोरगा बदलला. त्यातून चिमट्यात येते ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवतीची कोण धरणार? पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांचा किस्सा आठवा, 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक, २००४. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. डेक्सा या क्ष-किरण यंत्रावर यडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय वरून काटकुळे, आत लोणी.

शिरोड्याचे मास्तर
मूळ पोईत आहे, आपल्या गोव्याच्या पावात. पूर्वी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत यायचा, कोंड्याची पोई, चावायला दात लागायचे. आता मैद्याची, वर कोंडा भुरभुरलेला. चार खाल्ल्या तरी पोट रितंच.

डिचोलीचा पैलवान
मास्तर, पोईचा इथे काय संबंध?

शिरोड्याचे मास्तर
सगळा संबंध! पीठ माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, आंबायचं, रात्रभर. आता यीस्ट टाकतात आणि तासाभरात भट्टीत.

फोंड्याची ताई
मास्तरांना अनुमोदन. आमच्याकडचा गोल उंडो पावही बशीएवढा होता, आता वाटीएवढा. भाव मात्र वरच.

ताळगावचा आळशी
उंडो लहान झाला तर आपण बारीक व्हायला हवं होतं ना?

डिचोलीचा पैलवान
धागा चरबीचा की बेकरीचा? मी घाम गाळून पाच टक्के उतरवले, त्याची कुणाला किंमत नाही. ताई, 'लॅन्सेट' वाचून घाम येत नाही.

फोंड्याची ताई
दोन बाळंतपणांनंतर अकरा किलो उतरवलेत. घामाचं मला नका शिकवू.

एक्सरेवाला
भांडा, पण डेक्साला देव करू नका. मूळचं हाडांची घनता मोजायचं यंत्र. दोन तऱ्हेच्या क्ष-किरणांवरून हिशेब मांडतं, अंदाज त्यातही आहेत. एका कंपनीचं यंत्र एक सांगतं, दुसरीचं दुसरं. चरबी थेट मोजायची तर शवविच्छेदन. कुणी तयार आहे?

ताळगावचा आळशी
माझा नंबर शेवटी लावा. आठवडाभर कोरड्या पायांनी मोजलं: २७.३ ते २८.१ च्या मध्येच. बरं, पैलवानाचं अर्धं खरं. बायकोच्या शिवणकामाची टेपही लावली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० पर्यंत चालतं म्हणे. पहिल्यांदा पोट आत ओढून ९१ आलं होतं, ते सोडा.

डिचोलीचा पैलवान
अर्धं खरं? उपकार झाले. काटा विकायचा असेल तर सांगा.

शिरोड्याचे मास्तर
सुरेची पोई करणारा पोदेर कुठे उरला असेल तर आधी ते सांगा.