वॉर्डातून कॅज्युअल्टीला बदली, आधी काय शिकून घेऊ?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार. मी चिपळूणकडे सरकारी हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, इतकी वर्षं फीमेल मेडिकल वॉर्ड केला, आता पुढच्या महिन्यापासून कॅज्युअल्टी, म्हणजे इमर्जन्सी विभाग. वॉर्डात पेशंट ओळखीचा असतो, फाईल हातात असते, राउंड झाला की दिवसभराचं काम समोर दिसतं. इथे हायवेचा अ‍ॅक्सिडेंट, विंचू चावलेलं पोर आणि छातीत दुखणारे आजोबा एकदम आले तर आधी कोणाकडे धावायचं? नाईटला एक एमओ (ड्युटीवरचे डॉक्टर), मी आणि एक मामा (वॉर्डबॉय), बस. त्यात नातेवाईक अंगावर येतात ते वेगळंच. पाऊस तोंडावर आलाय म्हणून जास्तच टेन्शन आलंय.

कणकवलीची जुनी सिस्टर:
अगो घाबरू नको, वॉर्ड केलेली बाई इंजेक्शन-सलाईनला अडत नाही, फक्त कामाचा क्रम बदलतो. वॉर्डात आपण बेड नंबरने जातो, इथे जो आधी मरू शकतो त्याच्याकडे आधी जायचं. जो ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू आहे, गप्प पडलेल्याकडे आधी बघ. श्वास, नाडी, शुद्ध, रक्तस्राव एवढं बघायला मिनिटभर लागतं, मग लाल (लगेच बघायचा), पिवळा (थोडं थांबेल), हिरवा (वाट बघू शकेल) ठरव. आजोबांचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघालाच पाहिजे, त्यासाठी केसपेपरची वाट बघू नको. आणि विंचवाचं पोर नुसतं रडतंय तर ठीक, पण घामाने भिजलंय, हातपाय गार पडलेत, उलट्या करतंय तर ते लालमध्ये. महाडच्या डॉ. बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीचा उपयोग दाखवून दिला तेव्हापासून अशी पोरं वाचतात, फक्त गोळी दिल्यावर झोपवून ठेव, उठवून बसवलं की बीपी पडतं.

ड्युटीवर आल्या आल्या गप्पा नंतर, आधी इमर्जन्सी ट्रॉली. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत ट्यूब टाकताना लागतो तो) बल्ब पेटतो का, सक्शन ओढतं का, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती, अ‍ॅड्रेनॅलिनची तारीख काय. हे सगळं स्वतःच्या हाताने, आधीच्या शिफ्टच्या सहीवर जाऊ नको. आणि डॉक्टरांनी तोंडी ऑर्डर दिली की औषध, डोस, रूट (शिरेत की स्नायूत) मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच द्यायचं, कोणाला राग आला तरी चालेल.

१०८ वाला:
मी ॲम्ब्युलन्सवर असतो. आम्ही पेशंट आणतो तेव्हा सगळे स्ट्रेचर ओढायला धावतात आणि आम्ही काय सांगतोय ते कोणीच ऐकत नाही, तेवढं तुम्ही ऐका. किती वाजता झालं, काय दिलं, वाटेत बेशुद्ध पडला का, हे नंतर कोणाला आठवत नाही. आंब्यावर फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस आला तर ग्लोव्हज घालून त्याचे कपडे आधी काढा आणि अंग धुवा, नाहीतर अ‍ॅट्रोपिन (या विषावरचं औषध) चालू आणि विष कातडीतून आत जातंच आहे. एमएलसी (पोलिसांना कळवावी लागते अशी केस) असेल तर पोलीस इंटिमेशनवर वेळ लिहायला विसरू नका.
नातेवाईकांचं म्हणाल तर त्यांच्यातल्या एकालाच पुढे बोलवायचं आणि थोड्या थोड्या वेळाने स्वतःहून जाऊन सांगायचं, माणसं भडकतात ती बहुतेकदा कोणी काहीच सांगत नाही म्हणून. तरी हात उचललाच तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, नर्ससुद्धा त्यात येतात, गुन्हा अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार हॉस्पिटलतर्फे करायला लावा, एकट्याने पोलीस स्टेशनला जाऊ नका.

वाशिष्ठीकाठ:
खूप आभार दोघांचे. सापाचं पण सांगा ना, आमच्याकडे फुरसं चावलेले भरपूर येतात आणि येताना दोरी करकचून बांधून येतात.

कणकवलीची जुनी सिस्टर:
दोरी दिसली की लगेच सोडू नको हां, एकदम सोडली तर विष एका दमात वर चढू शकतं. आधी शिरेत सलाईनची लाईन घे, डॉक्टर शेजारी असू देत, मगच. फुरसं आणि घोणस रक्त पातळ करतात म्हणून साध्या काचेच्या कोऱ्या टेस्ट ट्यूबमध्ये २ एमएल रक्त घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेव, मग तिरकी कर, गोठलं नसेल तर एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) लागणारच. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली ट्यूब चालत नाही. एएसव्हीची पावडर विरघळवताना बाटली गदागदा हलवू नको, फेस होतो, हळू फिरव. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण विष तेवढंच गेलेलं असतं. चालू करायच्या आधी अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी पाहिजे, रिअ‍ॅक्शन कधी येईल सांगता येत नाही.

आणि मण्यार लक्षात ठेव. ती रात्री चावते, दातांच्या खुणा दिसत नाहीत, सूज नाही, माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो आणि आपण अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन बसवतो. पावसाळ्यात असा कोणी आला की रात्री जमिनीवर झोपला होता का विचार आणि पापण्या बघ, जड पडत असतील तर एमओला तिथल्या तिथे उठव.

काचेच्या ट्यूबचं इंडेंट (स्टोअरला मागणी) आत्ताच टाकून ठेव, जूनमध्ये स्टोअरला हमखास नसतात.