मदत हवी आहे : मॅकवर नीट दिसणारं पान आयफोन, विंडोज आणि जुन्या आयपॅडवर बिघडतंय

धागाकर्ता

फॉर्मचं पान आहे. वर स्टिकी (स्क्रोल केलं तरी वर चिकटून राहणारं) हेडर, मध्ये फ्लेक्समध्ये (सीएसएसची लवचिक मांडणी) मांडलेली कार्डं, तळाला ‘पुढे’ बटण. मॅकवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत व्यवस्थित. बाकीकडे असं होतंय :

१. आयफोनच्या सफारीत तळाचं बटण अर्धं दिसेनासं होतं, जरा स्क्रोल केलं की येतं. मुख्य डिव्हला ‘हाइट: १००व्हीएच’ (पडद्याची पूर्ण उंची) आहे.

२. विंडोजवर क्रोममध्ये आडवा स्क्रोलबार येतो. रॅपरला (सगळं पान गुंडाळणाऱ्या डिव्हला) ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ (आडवं बाहेर जाणारं लपवा) दिल्यावर तो गेला, पण हेडर चिकटायचं थांबलं.

३. आयओएस १२ च्या आयपॅडवर कार्डांमध्ये अंतरच नाही. ‘गॅप: १६पीएक्स’ दिलेलं आहे.

नॉर्मलाइझ लावलंय, ऑटोप्रिफिक्सरही (ब्राउझरगणिक लागणारे सीएसएसचे प्रिफिक्स आपोआप जोडणारं साधन) आहे. ब्राउझरगणिक वेगळी स्टाइलशीट करू का?

अर्धविराम

वेगळी स्टाइलशीट अजिबात नको, नवी आवृत्ती आली की पुन्हा निस्तरत बसाल. नॉर्मलाइझ फक्त ब्राउझरच्या डीफॉल्ट स्टाइल्स एकसारख्या करतं, त्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

बटणाचं आधी. सफारी १००व्हीएच मोजते ती ॲड्रेस बार आक्रसलेला धरून. बार उघडा असला की तेवढी उंची पडद्याबाहेर जाते. डेस्कटॉपच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) मोबाइल आकार निवडून हे दिसत नाही, कारण तिथे बारच नसतो. खऱ्या फोनवर बघा. एकाखाली एक दोन ओळी लिहा :

मिन-हाइट: १००व्हीएच;
मिन-हाइट: १००डीव्हीएच;

हाच क्रम ठेवा. डीव्हीएच (बारनुसार बदलणारी पडद्याची उंची) न कळणारा ब्राउझर दुसरी ओळ सोडून देतो आणि पहिली वापरतो. सफारीत हे १५.४ पासून आहे, क्रोममध्ये १०८ पासून. आणि हाइट नको, मिन-हाइटच. नाहीतर एरर मेसेज आले की फॉर्म डिव्हबाहेर सांडेल.

चौकट

दुसऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक ‘विड्थ: १००व्हीडब्ल्यू’ (खिडकीची पूर्ण रुंदी) असणार, हेडरलाच तपासा. व्हीडब्ल्यूमध्ये उभ्या स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते. विंडोजवर तो साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा खातो, तेवढंच पान बाहेर जातं. मॅकवर ट्रॅकपॅड असताना स्क्रोलबार मजकुरावर तरंगतो, म्हणून तिथे कळत नाही. सिस्टिम सेटिंगमध्ये स्क्रोलबार ‘नेहमी दाखवा’ केलात तर मॅकवरही हाच आडवा बार दिसेल. १००व्हीडब्ल्यूच्या जागी १००% करा.

दोषी एलिमेंट सापडत नसेल तर तात्पुरतं सगळ्यांना ‘आउटलाइन: १पीएक्स सॉलिड रेड’ द्या. बॉर्डर नको, ती जागा घेते आणि मांडणी आणखी हलते.

रॅपरवरचं हिडन मात्र काढाच. एका अक्षावर हिडन दिलं की दुसऱ्या अक्षावरचं व्हिजिबल आपोआप ऑटो होतं. रॅपर स्क्रोल कंटेनर बनतो आणि हेडर खिडकीऐवजी त्याला चिकटू पाहतो; रॅपर स्वतः स्क्रोल होत नाही, म्हणून हेडर पानाबरोबर वर निघून जातं.

तिसरं : फ्लेक्समधलं गॅप सफारीत १४.१ पासून चालतं. ऑटोप्रिफिक्सर इथे काही करू शकत नाही, गॅपला प्रिफिक्सच नाही. आणि ‘@सपोर्ट्स (गॅप: १पीएक्स)’ (ब्राउझरला गॅप कळतं का हे विचारणारा नियम) लावून बघाल तर फसाल : आयपॅडवरच्या त्या जुन्या सफारीत ग्रिडचं (रांगा-स्तंभांच्या मांडणीचं) गॅप चालतं, म्हणून उत्तर ‘हो’ येतं. कार्डांसाठी सरळ ग्रिड घ्या :

डिस्प्ले: ग्रिड;
ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिल, मिनमॅक्स(२२०पीएक्स, १एफआर));
गॅप: १६पीएक्स;

त्या आयपॅडवर दुसरा ब्राउझर टाकून उपयोग नाही, आतलं इंजिन सफारीचंच, वेबकिट.

धागाकर्ता

हेडरला १००व्हीडब्ल्यूच होतं. २ आणि ३ सुटले, धन्यवाद! डीव्हीएचने बटण दिसतंय, पण स्क्रोल करताना बार आत-बाहेर झाला की तळाचा भाग जरा उडतो.

अर्धविराम

डीव्हीएच बारबरोबर बदलतं, म्हणून उडतं. दुसऱ्या ओळीत १००एसव्हीएच करा. ते बार पूर्ण उघडा धरून मोजलेलं असतं आणि स्क्रोलने हलत नाही. बार आक्रसल्यावर खाली थोडी मोकळी पट्टी दिसेल, तिथे बॉडीला पानाचाच पार्श्वरंग द्या.