टेक्सासमध्ये गन कॅरी करावी का? मला ग्रीन कार्ड आहे, बायको एच-वनवर

रानवारा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण नीट वाचून सांगा प्लीज.

आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास किराणा घेऊन पार्किंग लॉटमध्ये गाडीत सामान भरत होतो, मी आणि बायको, लेक मागे कार सीटमध्ये झोपलेली. दोन पोरं आली आणि त्यातल्या एकाने टी-शर्ट वर करून कमरेला खोचलेली गन दाखवली, बोलला पण नाही काही, नुसता हात पुढे केला. पाकीट गेलं, दोन्ही फोन गेले, बायकोचं मंगळसूत्र गेलं. मिनिटभरात सगळं संपलं. पोलीस आले, रिपोर्ट झाला, पुढे काही नाही. लेकीला जाग पण आली नाही आणि मला मात्र तेव्हापासून धड झोप नाही, रात्री दोनदा उठून दार बघतो.

ऑफिसमधला एक मित्र म्हणतो की टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परमिट पण लागत नाही, तुझं वय एकवीसच्या वर आहे, रेकॉर्ड क्लीन आहे, सरळ गन घे आणि कमरेला लाव. बायकोचा ठाम विरोध आहे. ती म्हणते घरात तीन वर्षांचं लेकरू असताना हा विषयच नको. मला दोघांचंही पटतं. कायद्याने काय काय अडचणी येऊ शकतात आणि रोजच्या जगण्यात काय होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. मी ग्रीन कार्डवर आहे, लग्न उशिरा झालं म्हणून बायको अजून एच-वनवरच, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच आहे.

उंबरठा

रानवारा, जे झालं ते वाचून फार वाईट वाटलं, तुम्ही तिघं सुखरूप आहात हे आधी.

मी नऊ वर्षं इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते. वकील नाही मी, पण फायली रोज हातातून जातात म्हणून सांगते. तुमचा मित्र सिटिझन असणार. त्याच्यासाठी जी चूक म्हणजे दंड आणि वकिलाची फी, तीच चूक तुमच्यासाठी देश सोडून जाण्याची नोटीस असू शकते. इमिग्रेशन कायद्यात स्पष्ट लिहिलंय की बंदूक विकत घेणं, विकणं, वापरणं, बाळगणं किंवा जवळ घेऊन फिरणं यातलं काहीही कुठल्याही कायद्याविरुद्ध केलं आणि त्यात दोषी ठरलात तर तुम्ही डिपोर्ट होण्यास पात्र. तिथे ग्रीन कार्ड वाचवत नाही, किती वर्षं इथे आहात त्यानेही फरक पडत नाही, आणि गुन्हा मोठाच असायला हवा अशीही अट नाही. लोक काय करतात, क्रिमिनल वकील म्हणतो "छोटा गुन्हा आहे, मान्य करून टाक, जेल होणार नाही" की सही करून मोकळे होतात आणि दोन-चार वर्षांनी भारतातून परत येताना एअरपोर्टवर अडकतात नाहीतर सिटिझनशिपच्या अर्जात ते वर येतं. २०१० च्या पडिला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाने इमिग्रेशनचे परिणाम अशिलाला सांगितलेच पाहिजेत. तरी तुम्हीच विचारा, गृहीत धरू नका.

आता बायकोचं, आणि हे माझ्या मते तुमच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचं आहे. एच-वन, एच-फोर, एफ-वन, एल-वन, व्हिजिटर हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरते व्हिसा, आणि त्यावरच्या माणसाला फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याने गन किंवा गोळ्या जवळ ठेवायला बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण तो वापरायचा तर वकिलाला विचारूनच. आणि जवळ ठेवणं म्हणजे फक्त हातात धरणं नाही. गन तुमची, पण ती दोघांच्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, किल्ली तिच्याकडेही, गाडी ती चालवतेय, अशा वेळी ताबा तिचाही आहे असा आरोप लागू शकतो. म्हणजे घेतलीत तर सेफचा कोड तिला माहीत नसला पाहिजे आणि ती गाडी चालवताना गन गाडीत नसली पाहिजे. नवराबायकोत हे रोज पाळणं किती जमतं ते तुम्हीच ठरवा.

अजून एक. गन घेताना दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो, त्यात इमिग्रेशन स्टेटसबद्दल प्रश्न आहेत आणि गांजाबद्दलही. काही राज्यांत गांजा चालतो म्हणून लोक तिकडे फिरायला गेले की गमीज (गांजा घातलेल्या गोड वड्या) खातात, पण फेडरल कायद्याला ते मान्य नाही आणि तो प्रश्न त्याच कायद्याचा आहे. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गंभीर गुन्हा.

कड्यावरचा

भावा, मी एलटीसी (गन जवळ बाळगायचं टेक्सासचं लायसन्स) काढून सहा वर्षं कॅरी करतोय, डॅलसच्या बाजूला असतो. मी घेऊ नको म्हणणार नाही, पण परमिट लागत नाही म्हणून उद्यापासून कमरेला लाव हा सल्ला चुकीचाच आहे.

पहिली गोष्ट, परमिट लागत नाही हे राज्याचं झालं. फेडरल कायदा आहे शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांचा, १९९० चा, एकदा कोर्टाने रद्द केल्यावर १९९६ मध्ये सुधारून परत आणलेला. त्या हजार फुटांत गन चालते ती त्याच राज्याचं लायसन्स असलेल्या माणसाला, नाहीतर अनलोड करून लॉक केलेल्या पेटीत. म्हणजे बिनपरमिटवाला माणूस शाळेसमोरच्या रस्त्याने लोडेड गन घेऊन नुसता गाडीने गेला तरी कागदावर गुन्हा. मॅप उघडून बघ तुझ्या घरापासून ऑफिसपर्यंत किती शाळा लागतात. मी फक्त याच्यासाठी एलटीसी काढलं. चार ते सहा तासांचा क्लास असतो आणि रेंजवर नेम दाखवावा लागतो, फार अवघड नाही.

मग बोर्ड. लाल अक्षरात ५१ टक्के लिहिलेला बोर्ड म्हणजे त्या जागेचं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथे बसून पिण्याच्या दारूचं, तिथे गन नेली की थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. मग कायद्याच्या कलमांच्या नंबरचे मनाईचे बोर्ड, ३०.०५ चा बोर्ड बिनपरमिटवाल्यांसाठी, ३०.०६ लपवून नेणाऱ्या एलटीसीवाल्यांसाठी, ३०.०७ उघड नेणाऱ्यांसाठी. शाळा, कोर्ट, मतदान केंद्र, फेडरल इमारती, एअरपोर्टच्या सिक्युरिटीपलीकडे सगळीकडे बंद. मग होतं काय की तू दारात येतोस, बोर्ड दिसतो, परत गाडीशी जाऊन गन काढून ठेवतोस, पार्किंगमध्ये उभा राहून गन होल्स्टरमधून काढायची आणि परत लावायची, आणि हीच वेळ गोळी चुकून सुटायची आणि कोणीतरी बघून काच फोडायची. गाडीतून चोरलेल्या गनच पुढे त्या दोन पोरांसारख्यांच्या कमरेला जातात. माझ्या गाडीत सीटखाली केबलने बांधलेली छोटी सेफ आहे, ग्लव्ह बॉक्स म्हणजे चोराला आंदण.

दुसरं, राज्य ओलांडलं की नियम बदलतो. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्कसारख्या राज्यांना "खास कारण दाखव तरच परवाना" हे सोडावं लागलं, पण म्हणून टेक्सासचं एलटीसी तिथे चालत नाही, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातही नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातली एक आई आपल्या राज्याचा परवाना पर्समध्ये ठेवून न्यू जर्सीत गेली, पोलिसाने गाडी थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे गन आहे, झाली अटक, आणि तिथल्या कायद्याने किमान तीन-साडेतीन वर्षं तुरुंगाची टांगती तलवार, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली तेव्हा सुटली. १९८६ चा फेडरल कायदा प्रवासापुरतं संरक्षण देतो पण गन अनलोड केलेली आणि हाताला न लागेल अशी हवी, आणि निघालास तिथे व पोचणार तिथे दोन्हीकडे ती कायदेशीर हवी.

एअरपोर्टचं वेगळं सांगतो. २०२३ मध्ये देशभरात टीएसएला (एअरपोर्टची सिक्युरिटी बघणारं सरकारी खातं) तपासणीत ६,७३७ गन सापडल्या, दहातल्या नऊपेक्षा जास्त लोडेड. त्यातले बहुतेक "विसरलो" म्हणणारेच. रोज अंगावर असलेली वस्तू विसरायलाच होते, म्हणून मी लॅपटॉपच्या बॅगेत गन कधीच ठेवत नाही, कमरेला नाहीतर सेफमध्ये, तिसरी जागा नाही.

आणि तुझ्या त्या रात्रीबद्दल मनापासून सांगतो. ते दोघं, त्यांची गन समोर, तुझे हात पिशव्यांत, लेक मध्ये. तू कमरेकडे हात नेला असतास तर आज तू हे लिहिलं नसतंस असं मला वाटतं. मी सहा वर्षं सराव करतो आणि मीसुद्धा पाकीट दिलं असतं.

हळदीकुंकू_८१

मी इमर्जन्सी विभागात नर्स आहे. मला कायदा कळत नाही, मी जे बघते ते लिहिते.

तीन वर्षांच्या लेकराच्या बोटात ट्रिगर ओढायची ताकद असते. पालकांना खोटं वाटतं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोत एका दुकानात दोन वर्षांच्या बाळाने आईच्या पर्समधली गन काढली आणि आई जागीच गेली. पर्स गनसाठीच बनवलेली होती, परवाना होता, सगळं नियमात होतं. कॅरी करणारा माणूस घरी येऊन दमून सोफ्यावर गन काढून ठेवतो, आंघोळीला जाताना बेसिनवर ठेवतो, अशाच वेळी होतं. टेक्सासमध्ये लोडेड गन १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो, पण आमच्याकडे पोचेपर्यंत त्या आईबापाला गुन्ह्याचं काही पडलेलं नसतं हो.

दुसरं जपून लिहिते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय झोप नाही, रात्री उठून दार बघता. या देशात २०२३ मध्ये बंदुकीने ४६,७०० च्या वर माणसं गेली आणि त्यातली सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या बहुतेकांना आम्ही वाचवतो, स्वतःवर गन चालवलेल्यांत दहातले नऊ वाचत नाहीत. तुम्ही तसे आहात असं मुळीच म्हणत नाही. पण असा धक्का बसल्यावर लगेच घरात गन आणायची ही वेळ नाही. आधी डॉक्टरला झोपेचं सांगा, भीतीचं सांगा, यावर चांगले उपचार आहेत.

वाटसरू_कोकण

सगळे मिळून त्याला घाबरवताय असं वाटतंय. जुलै २०२२ मध्ये इंडियानातल्या मॉलमध्ये एकाने रायफलने गोळीबार सुरू केला आणि बावीस वर्षांच्या साध्या पोराने आपल्या पिस्तुलाने त्याला काही सेकंदांत थांबवलं. किती जीव वाचले असतील. ज्याच्यावर वेळ आली त्याला कळतं. स्वतःच्या बायकापोरांचं रक्षण करायचा हक्क माणसाला आहे आणि तो हक्क मी सोडणार नाही.

कड्यावरचा

वाटसरू, हक्क मलाही प्यारा आहे म्हणून तर कॅरी करतो. त्या पोराचं कौतुक मलाही आहे. पण त्याच्या आधीच्या वर्षी, जून २०२१ मध्ये कोलोरॅडोत अर्वाडा गावात जॉनी हर्ली नावाच्या माणसाने पोलिसाला मारणाऱ्या हल्लेखोराला गोळी घालून थांबवलं आणि मागून आलेल्या पोलिसाने हर्लीलाच हल्लेखोर समजून मारलं. हातात गन असलेला माणूस चांगला की वाईट हे लांबून कोणाला दिसत नाही. आणि आपण सावळे लोक आहोत हे पण विसरून चालत नाही. मिनेसोटात २०१६ साली फिलँडो कॅस्टिलने गाडी थांबवल्यावर पोलिसाला शांतपणे सांगितलं की माझ्याकडे गन आहे, परवाना होता, तरी काही सेकंदांत पोलिसाने गोळ्या झाडून त्याला मारलं, शेजारी बायकोसारखी राहणारी मैत्रीण आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी. पोलीस पुढे निर्दोष सुटला. मला आजवर दोनदा थांबवलंय, दोन्ही वेळा खिडकी खाली, आतला दिवा चालू, हात स्टिअरिंगवर, आणि लायसन्स कुठल्या खिशात आहे ते सांगून, तो हो म्हणाल्यावरच हात हलवला. दोन्ही वेळा घाम फुटला होता.

रानवारा

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. उंबरठा ताई, एक राहिलं. माझा मेव्हणा पुढच्या महिन्यात व्हिजिटर व्हिसावर येतोय, त्याची फार इच्छा आहे रेंजवर जाऊन एकदा गोळी झाडून बघायची. भाड्याने गन मिळते, लोक फोटो टाकतात. तेवढं तर चालेल ना?

उंबरठा

नाही चालणार, प्लीज नका नेऊ. रेंजवर हातात धरली तरी ताबा झाला. २०१९ ची रेहाइफ केस याच्यावरच आहे, विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, कॉलेजने काढून टाकल्यावर स्टेटस गेलं, रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या आणि फेडरल गुन्हा लागला. सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने एवढंच म्हटलं की आपलं स्टेटस काय आहे हे त्याला माहीत होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं. तुमच्या मेव्हण्याला आपण व्हिजिटर आहोत हे पक्कं माहीत आहे.

आणि तुम्ही स्वतः कधी रेंजवर गेलात तर ती बॅग भारतात जाताना नेऊ नका. तळाशी एक काडतूस राहिलं तर तिकडे शस्त्र कायदा १९५९ लागतो. माहीत नव्हतं, जाणीवपूर्वक ठेवलं नव्हतं हे कोर्ट ऐकतं, पण एफआयआर आधी होते आणि सुट्टी पोलीस स्टेशन आणि कोर्टातच जाते.

रानवारा

बरं झालं विचारलं. मेव्हण्याला आत्ताच फोन करून सांगितलं, हिरमुसला पण ऐकलं त्याने.

आम्ही असं ठरवलंय की बायकोचं ग्रीन कार्ड येईपर्यंत गन नाही, त्यानंतर बघू, आणि घ्यायचीच झाली तर आधी क्लास आणि एलटीसी. शुक्रवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. काल पहिल्यांदाच परत त्याच दुकानात गेलो, दुपारी, गाडी अगदी दाराजवळ दिव्याखाली लावली. बायकोने आधी लेकीला बसवून दारं लॉक केली, मग मी सामान भरलं. हात थरथरत होते पण भरलं सगळं.