मदत हवी आहे: मामांना गुदाशयाचा कॅन्सर, डिचोली

नमस्कार. माझे मामा 61 वर्षांचे, गोव्यात डिचोलीला असतात. शौचातून रक्त पडायचं, घरात सगळे मूळव्याधच म्हणत राहिले. मग वजन उतरलं, हिमोग्लोबिन 8 वर आलं. कोलोनोस्कोपीत गुदाशयात गाठ दिसली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला.

आता सीटी स्कॅन आणि एमआरआय आहे. गाठ किती खोल गेलीय ते बघून आधी रेडिएशन-केमो, मग ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी धास्ती घेतलीय ती ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावाव्या लागणाऱ्या पिशवीची. चतुर्थीला गणपतीच्या वर फळा-फुलांची माटोळी कोण बांधणार, हेच विचारत बसतात. पिशवी लावून कामधंदा करणारं कोणी असेल तर मामांशी फोनवर बोलाल का? तुमची तात्पुरती होती का, कधी काढली?

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हे उपचार कोणी घेतलेत? दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विम्यावर) काय काय बसलं? मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं तर बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) कसे मागायचे?

आई त्यांची सख्खी बहीण. डॉक्टरांनी तिलाही कोलोनोस्कोपी सांगितलीय, पण त्रास काहीच नाही म्हणून ती ऐकत नाही. तुमच्या घरी कसं समजावलंत?

घरगुती काढे कृपया सुचवू नका.