पृष्ठफळ, आकारमान, विसरण : एका वाक्यातले चार शब्द

प्रश्न : जीवशास्त्राचा एक उतारा मराठीत आणते आहे. मी लिहिलं होतं, ‘पेशीचा आकार वाढला की पृष्ठफळ कमी होते, म्हणून विसरण मंदावते.’ तपासणाऱ्यांनी अख्ख्या वाक्यावर काट मारली. चूक नेमकी कुठे आहे? आणि डिफ्यूजनला ‘विसरण’ म्हणायचं की ‘प्रसरण’?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, तो लवकर सुटतो. विसरण, प्रसरण, परासरण, अभिसरण ही सगळी ‘सृ’ म्हणजे सरकणे, जाणे या संस्कृत क्रियामूळाची भावंडं. पण शास्त्रात प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. तापवल्यावर धातू फुगतो ते प्रसरण. अर्धपार्य पटलातून, म्हणजे काही रेणूंनाच पलीकडे जाऊ देणाऱ्या पडद्यातून, पाणी जातं ते परासरण. रक्त शरीरभर फिरतं ते अभिसरण. दाट भागाकडून विरळ भागाकडे रेणू आपोआप पसरतात ते विसरण. ‘विसरणे’ या रोजच्या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही, ते विस्मरणाच्या घरचं. आपलं ‘पसरणे’ मात्र थेट ‘सृ’च्या कुळातलं आहे. त्यामुळे ‘विसरण म्हणजे रेणूंचं पसरणं’ असं समजावलं तर मुलांना शब्द पाठ करावा लागत नाही.

आता तुमचं वाक्य. ‘पृष्ठफळ कमी होते’ हे खरं नाही, पृष्ठफळ वाढतच असतं. 1 सेमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ 6 चौसेमी आणि घनफळ 1 घसेमी. बाजू 2 सेमी केली की 24 आणि 8, 3 सेमी केली की 54 आणि 27. दोन्ही वाढतात, पण घनफळ पुढे धावतं. म्हणून एका घन सेंटिमीटरच्या वाट्याला येणारं पृष्ठ 6 वरून 3 वर आणि मग 2 वर येतं. कमी होतो तो हा वाटा. वाक्यातून ‘गुणोत्तर’ गळलं की विधान सरळ उलटं होऊन बसतं, आणि ही चूक मी छापील मजकुरातही पाहिली आहे.

‘आकार’ तर त्याहून घातक. मराठीत आपण आकार हा शब्द घडणीलाही वापरतो आणि लहानमोठेपणालाही. इथे दोन्ही अर्थांना वेगवेगळी किंमत आहे. तांबडी रक्तपेशी घ्या : घनफळ सुमारे 90 घन मायक्रोमीटर, पृष्ठफळ सुमारे 140 चौरस मायक्रोमीटर. तेवढ्याच घनफळाचा गोळा केला तर पृष्ठफळ 97 च्या आसपासच भरतं. दोन्ही बाजूंनी खोलगट असलेल्या घडणीमुळे ऑक्सिजनला आतबाहेर करायला जास्त जागा मिळते. मोठेपणा तोच, आकार वेगळा, गुणोत्तर वेगळं! हे सांगायचं असेल तर आकार हा शब्द घडणीसाठीच राखून ठेवायला हवा. आकारमानही जपून वापरा. भौतिकशास्त्रात ते घनफळाच्या अर्थाने येतं (घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान), बोलण्यात मात्र नुसत्या मोठेपणाच्या अर्थाने. गुणोत्तराच्या चर्चेत मी ‘घनफळ’च लिहीन.

राहिलं ‘मंदावते’. रेणूंचा वेग पेशी मोठी झाली म्हणून घटत नाही. अंतर वाढतं, आणि वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ऑक्सिजनला पाण्यातून 10 मायक्रोमीटर पसरायला सेकंदाचे काही शतांश पुरतात, 1 मिलिमीटरला सुमारे 4 मिनिटं लागतात, 1 सेंटिमीटरला जवळजवळ 7 तास. म्हणून अमीबाला फुफ्फुसं लागत नाहीत, प्लॅनेरिया हा छोटा कृमी चपटा राहून निभावतो, आणि आपल्याला मात्र वायुकोश (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या) व रक्ताभिसरण दोन्ही लागतं. विसरण मंदावत नाही, ते अपुरं पडतं. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो, कारण फुफ्फुसं, कल्ले, आतड्यातले उद्वर्ध (आतल्या बाजूचे बोटांसारखे बारीक उंचवटे) हे सगळे या अपुरेपणाची भरपाई करतात.

तेव्हा वाक्य असं करता येईल : ‘आकार तोच राहून पेशी मोठी होत गेली, तर पृष्ठफळाचे घनफळाशी असलेले गुणोत्तर घटते आणि केवळ विसरणाने तिची गरज भागत नाही.’

प्रश्न : पटलं. मग ‘फुफ्फुसांचा पृष्ठभाग सुमारे 70 चौरस मीटर’ हेही चूक का? आणि गुणोत्तराला एकक नसतं असं गणितात शिकलो, इथे काय?

उत्तर : पृष्ठभाग ही वस्तूची बाजू, पृष्ठफळ हे तिचं माप. क्षेत्र आणि क्षेत्रफळ यांत जो फरक, तोच इथे. आकडा आला की ‘फळ’ हवं.

एककाची शंका रास्त आहे. गणितातलं गुणोत्तर एकाच प्रकारच्या राशींचं असतं, म्हणून एकक उडून जातं. इथे चौसेमीला घसेमीने भागतो, तेव्हा ‘प्रति सेमी’ उरतं. ते लिहिलंच पाहिजे, कारण वरचा 1 सेमीचा घन मिलिमीटरमध्ये मोजला तर 600 भागिले 1000, म्हणजे 0.6 येतं. घन तोच असतो, 6 प्रति सेमी आणि 0.6 प्रति मिमी ही एकच गोष्ट. एककाशिवाय नुसतं ‘गुणोत्तर 6’ छापलं, तर दुसऱ्या पुस्तकातल्या 0.6 शी वाचक त्याची तुलना करून बसेल.